बोग्ना रिबाकची पाठ

ट्राम सरळ रुळावरून चालली होती, कुठे धक्का नाही, वळण नाही, तरी माल्विनाचे गुडघे आपोआप वाकले, टाचा किंचित उचलल्या गेल्या आणि अंगाचा सगळा भार चवड्यांवर आला. आधी अंगाला कळलं, मग तिला. पुढच्या दाराशी करड्या कोटातली एक बाई पाठमोरी उभी होती. लोकरी टोपीखालून निघालेली लांब मान, उजव्यापेक्षा तसूभर वर राहणारा डावा खांदा, आणि नुसतं उभं राहतानाही एका पायावर फार वेळ न टेकण्याची खोड. नाव मागाहून आलं. बोग्ना. बोग्ना रिबाक. माल्विनाने वरची कडी इतकी आवळून धरली की शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "बरं वाटत नाही का बाई? बसता का?" तिने मान हलवली. तेवढ्यात ती पाठ हलली, चेहरा डाव्या बाजूने अर्धा वळला आणि एक डोळा थेट माल्विनावर येऊन थांबला. थांबला, आणि त्यात काहीच उमटलं नाही. दुकानाच्या पाटीवरून, खांबावरून, रस्त्यावरच्या कुणाही माणसावरून नजर जावी तसा तो डोळा तिच्यावरून गेला. थांबा आला, दार उघडलं, बोग्ना खाली उतरली. माल्विनाचं ऑफिस अजून पुढे होतं. तीही उतरली.

ओळखलं नाही. फुटपाथवरच्या चिखलट बर्फातून चालताना हेच दोन शब्द तिच्या डोक्यात घण घालत होते. कुणी ओळखावं अशी तिची अपेक्षाच नव्हती. स्क्वॉश म्हणजे काय हेच या शहरात दहातल्या नऊ जणांना ठाऊक नसायचं, आणि ती साऱ्या पोलंडमध्ये दोनदा पहिली आली तेव्हासुद्धा पेपरात तळाशी दोन ओळी आल्या होत्या आणि त्यात तिचं आडनाव चुकलं होतं. आईने ते कात्रण लांब धरून वाचलं आणि म्हणाली, "ही कोण क्लोस? आपण क्वोस. तुझ्या जागी दुसरीच कुणी जिंकली वाटतं." तेव्हा माल्विना हसली होती. जगाने नाही ओळखलं तर नाही. पण बोग्नाने? जिच्या मागे उभं राहण्यात तिची सगळी तरुण वर्षं गेली, तिने?

मागेच. खेळच तसा. टेनिससारखी मध्ये जाळी नाही की समोरासमोर तोंड नाही. दोघी एकाच खोलीत कोंडलेल्या, दोघींची तोंडं एकाच भिंतीकडे, चेंडू त्या भिंतीवर आळीपाळीने हाणायचा, आणि मधली मोक्याची जागा जिने पटकावली तिची पाठ दुसरीने बघत राहायची. मधली जागा बोग्नाची असायची. त्यामुळे बोग्नाची पाठ माल्विनाला पाठ होती, शाळेतल्या कवितेसारखी, अधली-मधली ओळ विचारली तरी तिथून पुढे म्हणता येईल अशी. डावा खांदा वर गेला की चेंडू लांब जाणार. मान खाली गेली की हळूच पुढच्या कोपऱ्यात पडणार. बनियनवर घामाचा डाग कुठून सुरू होतो आणि दमल्यावर कमरेपर्यंत कसा उतरतो, हेही तिला माहीत होतं. नवऱ्याची पाठ तिला इतकी ठाऊक नव्हती. तो सोडून गेला तेव्हा दारातून बाहेर पडताना तिने त्याच्या पाठीकडे पाहिलं आणि तिच्या मनात आलं, अरे, हा पोक काढून चालतो की.

करडा कोट पिओत्रकोव्स्का रस्त्यावर वळला. पेढ्यांवर पेढ्या, बंद पडलेल्या बँकेची इमारत, फोनची दुकानं, आणि पुढे एका बेकरीसमोर ही भली मोठी रांग. आज तेलकट गुरुवार होता, ईस्टरच्या आधीचे उपास लागण्यापूर्वीचा शेवटचा, आणि सारं वूच शहर पाँच्कीसाठी घराबाहेर पडलं होतं. तळलेले, वरून साखर घोळलेले, पोटात गुलाबाचा मुरंबा भरलेले ते गोळे आजच्या दिवशी खाल्ले नाहीत तर वर्ष वाईट जातं म्हणे. बोग्ना रांगेत उभी राहिली. माल्विना क्षणभर घुटमळली. ऑफिसात लिफ्ट दुरुस्तीच्या फोनवर तिची जागा रिकामी असेल, लिफ्टमध्ये अडकलेल्या कुणीतरी आतलं लाल बटण दाबलं असेल आणि तिच्याऐवजी दुसरंच कुणीतरी सांगत असेल, घाबरू नका, लांब श्वास घ्या, आमचा माणूस निघालाय. आई म्हणायची, "चार भिंतींतून सुटलीस आणि चार भिंतींत अडकलेल्यांची झालीस." माल्विना पुढे झाली आणि बोग्नाच्या मागे जाऊन उभी राहिली.

"अहो बाई, रांगेचं शेपूट तिकडे आहे," एका आजींनी काठीने दाखवलं.

"शेपूट इथेच आहे आजी, तुम्ही नंतर आलात," पुढचा एक गलेलठ्ठ गृहस्थ म्हणाला. "भांडू नका, सगळ्यांना मिळतील. माझी बायको म्हणते, एक तरी खाल्लाच पाहिजे, नाहीतर वर्ष कोरडं जातं. गेल्या वर्षी सात खाल्ले. तरी कोरडंच गेलं."

"सात खाल्ल्यावर दुसरं काय होणार," आजी म्हणाल्या. लोक हसले. बोग्नाचे खांदेही हसले. ते हसणं माल्विनाने मागून ओळखलं. खांदा धरावा आणि हिला गर्रकन फिरवावी, म्हणावं, बघ माझ्याकडे. नाहीतर गुपचूप निघून जावं. दोन्हीतलं काहीच तिच्याच्याने होईना. ती उभी राहिली, जशी नेहमी उभी राहायची, हातभर अंतर ठेवून, पुढचीला फटका मारायला जागा सोडून.

त्या दोघींना खेळ शिकवला तो बोग्नाच्या बापाने, लेओनार्द सरांनी. तेव्हा गिरण्या धडाधड बंद पडत होत्या. ज्या गिरणीत माल्विनाची आई गेनोवेफा मागांच्या खडखडाटात उभी राहून राहून बहिरी झाली, तिथेच लेओनार्द माग दुरुस्त करायचे. गिरणी बंद झाली, मागांचं भंगार झालं, आणि परदेशातून पैसा कमावून आलेल्या कुणा हौशी माणसाने विणकामाच्या दालनात स्क्वॉशची दोन कोर्टं बांधली. राखणीला लेओनार्द राहिले. किल्ल्या त्यांच्याच कमरेला. रिकाम्या वेळी ते स्वतःच भिंतीशी खेळत बसत, पुस्तकात बघून, चुकत माकत, आणि वर्षभरात त्यांना तो खेळ यंत्रासारखा आतून कळला. मग मुलीला शिकवलं. मुलीला जोडीला कुणीतरी हवं म्हणून मागावरच्या गेनोवेफाच्या पोरीला बोलावलं. माल्विना तेव्हा चौदा वर्षांची, शाळेत टेबल टेनिस खेळणारी, लांब हाताची. जोडीला आलेली ती जोडीलाच राहिली. आई विचारायची, आवाज चढवून, कारण तिचा स्वतःचा आवाज तिला ऐकू यायचा नाही, "भिंतीशी भांडून आजवर कुणाचं भलं झालंय ग? आम्ही त्या भिंतींत तीस वर्षं काढली, त्यांनी काय दिलं?"

भिंतींनी माल्विनाला फिरवलं मात्र खूप. रात्रभराच्या बसने प्राग, बुडापेस्ट, कुठल्या कुठल्या गावातले छोटे क्लब, अनोळखी घरात मुलांच्या खोलीतला पलंग, पिशवीत पाव आणि सुकं सॉसेज, आणि पहिल्याच फेरीत समोर सतरा वर्षांची कुणी इजिप्शियन पोर, जिला घाम फुटायच्या आत सामना संपलेला असायचा. परतीच्या बसमध्ये बोग्ना आणि ती शेजारी बसत, पण बोलत नसत. बोलायचं काय? एकीला दुसरीचा श्वास ऐकू यायचा, कुठल्या क्षणी तो तुटतो ते कळायचं, मग आणखी गप्पा कशाला. घरी आल्यावर देशातल्या स्पर्धेची फायनल पुन्हा त्या दोघींतच, आणि पुन्हा बोग्नाच जिंके. दरवर्षी. लोक माल्विनाला "आमची दुसरी" म्हणत. प्रेमानेच म्हणत.

आणि मग ती शेवटची फायनल. आई बघायला आली ती एकुलती एक. काचेच्या भिंतीमागे बसून तिने मध्येच सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं होतं, "आपली कोणती?" त्या वर्षी माल्विनाने एक नवा फटका घोटून घोटून तयार केला होता. मागच्या उजव्या कोपऱ्यातून रॅकेट पूर्ण उगारायची, चेंडू जोरात जाणार असं अंगाच्या प्रत्येक सांध्याने बोलायचं, आणि शेवटच्या क्षणी मनगट नुसतं सोडून द्यायचं. किंवा हळू टाकणार असं दाखवून कानठळ्या बसतील असा हाणायचा. दोन्हीला पायांचा आवाज एकच, श्वास एकच. बोग्ना पुढे उभी, तिला काही कळेना. माल्विना दोन गेम जिंकली. पाचव्या गेममध्येही पुढे होती. मग काय झालं ते तिला कधीच नीट आठवलं नाही. चेंडू भिंतीच्या तळाच्या पत्र्यावर, म्हणजे बाद, खणकन वाजला, पुन्हा वाजला, आणि ती हरलेली होती. सामना संपल्यावर हात मिळवायचा असतो. बोग्नाचा हात बर्फासारखा गार होता, ओला, आणि थरथरत होता. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत बोग्ना आलीच नाही. आयर्लंडला गेली म्हणे. खेळाचा कंटाळा आला म्हणे. लेओनार्द सरांनीही किल्ल्या सोडल्या. माल्विना जिंकली, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली, मग पोझनानला एका दुसऱ्या प्रशिक्षकाकडे गेली, कंबर दुखावली, खेळ सुटला, संसार सुटला, ती आईकडे परत आली. पण या सगळ्याच्या खाली एक गोष्ट होती, जी तिने कुणापाशी काढली नव्हती. तो गार हात. बोग्ना पळाली. माझ्या भीतीने पळाली. दुसऱ्यांना सांगायला दोन पदकं होती, स्वतःला सांगायला तो हात होता, आणि लिफ्टच्या फोनवरच्या लांब दुपारी ती पदकांकडे नाही, त्या हाताकडे वळायची.

रांग पुढे सरकली. बर्फावर पाय घसरू नये म्हणून टाकलेली वाळू बुटाखाली करकरली.

"माल्विना क्वोस," बोग्ना वळून न बघता म्हणाली, "डावा पाय अजून घासतच चालतेस."

"ओळखलंस," माल्विना म्हणाली.

"ट्रामच्या थांब्यापासून ऐकतेय. म्हटलं, असा पाय एकीचाच. मग म्हटलं, बोलेल. बोललीच नाहीस. रांगेतसुद्धा मागेच उभी राहिलीस!"

"ट्राममध्ये माझ्याकडे बघितलंस आणि ओळख नाही दाखवलीस."

"कुठे उभी होतीस?"

"मागे. तुझ्या डाव्या हाताला."

"हां, मग बरोबर," बोग्ना म्हणाली. "डाव्या हाताला मला कुणीच नसतं." आणि ती वळली, पूर्ण वळली. दोन्ही डोळे निळसर करडे होते. उजव्यात माल्विना होती, छोटीशी, मागे रस्ता घेऊन. डावा चांगला होता, सुबक होता, फक्त त्यात कुणी नव्हतं.

"हलवा हो रांग," मागून आजी ओरडल्या. "भेटीगाठी आत जाऊन करा!"

आत खिडकीशी उभ्याने खायची फळी होती. बोग्नाने दोन पाँच्की आणि पेल्यातला चहा घेतला, माल्विनाला आपल्या उजवीकडे उभी केली, खांद्याला धरून, फर्निचर सरकवावं तशी. दोघींनी एकमेकींच्या तोंडाकडे बघितलं आणि दोघींनीही नजर काढून खिडकीवर नेली. समोर बघायची सवय. माल्विनाला विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. बोग्नाने तोंडावरची साखर पुसली आणि दुकानातून काय आणायचंय ते सांगावं इतक्या साध्या आवाजात सांगून टाकलं. रविवारची सकाळ होती. कोर्टाच्या हॉलमध्ये ती आणि बाबा, दोघंच. चेंडू लागला. बुबुळ फुटलं. दवाखान्यात सांगितलं, बागेत फांदी लागली.

"फांदी का?"

"मग काय सांगायचं? लेओनार्दने पोरीचा डोळा फोडला? खेळताना चष्मा घाला, चष्मा घाला म्हणून लहान पोरांच्या मागे लागणारा माणूस तो. त्या दिवशी घाईत दोघांनीही घातला नव्हता. मीच म्हटलं, बाबा, कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. आयर्लंड मीच शोधून काढलं. कुठे आहे तेसुद्धा मला धड माहीत नव्हतं. होते इथेच, रेटकिनियाला, नव्या इमारतींत. नाटक कंपनीचे कपडे शिवते. सुईत दोरा एका डोळ्याने उलट बरा जातो." ती हसली. "त्यानंतर बाबांनी चेंडूला हात लावला नाही. जेवायला माझ्या डावीकडे बसायचे. तिकडचा चमचा मला दिसत नाही ना, तो सरकवून द्यायला. गेल्या वर्षी गेले. तुला तरी काय वाटलं होतं, मी का सोडलं?"

खोटं बोलता आलं असतं. काय वाटणार, आयर्लंडला गेलीस असंच वाटलं, एवढं म्हणून चहाचा घोट घेता आला असता. माल्विना म्हणाली, "मला वाटलं, तू मला घाबरलीस."

बोग्नाने पेला खाली ठेवला आणि ती हसत सुटली. साखर उडाली, फळीवर, कोटावर, शेजारचा माणूस वळून बघायला लागला. माल्विनाचे कान तापले. हसू थांबल्यावर बोग्नाने उजवा डोळा पुसला, मग सवयीने डावाही पुसला.

"अगं, हे येऊन बाबांना सांगायचंस! तुमची मुलगी भिऊन पळाली म्हणायचं. त्यांनी तुला आईबहिणीवरून शिव्या घातल्या असत्या आणि रात्री नीट जेवले असते. स्वतःला खात राहिला ग माणूस. एकदा तरी यायचंस."

एकदा तरी. रेटकिनिया ट्रामने अर्ध्या तासावर. सरांचा फोन नंबर लिहून ठेवलेला होता. लेओनार्द सरांनी माल्विनाला रॅकेट धरायला शिकवलं होतं, स्वतःच्या हाताने तिची बोटं एकेक करून मुठीवर बसवली होती, आणि एवढ्या वर्षांत ती एकदाही गेली नव्हती. सवड नव्हती म्हणून नव्हे. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि तिला उत्तर नको होतं. जे होतं ते पुरत होतं. आता ते गेलं. घरातला एखादा खांब काढून नेल्यावर छत कशावर उभं होतं ते कळावं तसं तिला वाटलं, आणि तरी छत अजून पडत कसं नाही याचीच अस्वस्थता जास्त होती.

"पण तो हात," ती हट्टाने म्हणाली. "फायनलनंतर. गार होता तुझा हात. कापत होता."

"माझे हात जन्माचेच गार," बोग्ना म्हणाली, आणि मग तिचा आवाज उतरला. "घाबरले होते, तेही खरं. तुझा तो उजव्या कोपऱ्यातला फसवा फटका. बाकी सगळं मला मागून ऐकू यायचं. पाय कसा पडला, श्वास कुठे घेतलास, त्यावरून चेंडू कुठे जाणार ते कळायचं. तो फटका कळायचा नाही. त्या वर्षी नशिबाने सुटले. बाबा म्हणाले, पुढल्या वर्षी ही तुला खाणार. म्हणून तर आम्ही रविवारी सकाळी जात होतो, कुणी नसताना. बाबा तुझी नक्कल करायचे. तुझ्यासारखी रॅकेट उगारायची, तुझ्यासारखा डावा पाय घासायचा. हसू यायचं मला." तिने पेला फळीवर फिरवला. "पहिली गोष्ट काय शिकवली होती आपल्याला? मागचीकडे वळून बघायचं नाही. चेंडू डोळ्याच्या खोबणीच्या मापाचा असतो. मी कधी वळले होते का तुझ्याकडे, एवढ्या वर्षांत? त्या दिवशी वाटलं, एकदा बघू तरी हा फटका निघतो कसा. वळले."

खिडकीबाहेर गलेलठ्ठ गृहस्थ खोका छातीशी धरून चालले होते. माल्विनाचा उजवा तळवा फळीवर उताणा पडला होता, आणि त्यातलं मनगट, ते सोडून द्यायचं मनगट, तिला दुसऱ्या कुणाचं तरी वाटलं. जे कळावं म्हणून ती इतकी वर्षं चडफडली ते आता कळलं होतं. होय, भीत होती. होय, तू तिला हरवली असतीस. लेओनार्द सर स्वतः म्हणाले होते. सगळं हवं तसं मिळालं, आणि ते हातात घेववेना. तिला आईचा चढलेला आवाज आठवला, आपली कोणती?, आणि ती लोकांमधून वाट काढत बाहेर निघाली. निघाली म्हणजे दोन पावलं गेली.

"ए, थांब," बोग्ना म्हणाली. "तोंड काय पाडतेस? तू होतीस का तिथे? तू घरी झोपली होतीस, रविवारची. आणि हे बघ, सांगितलं ते रडायला नाही सांगितलं. कुणालाच सांगितलं नव्हतं. बाबा होते तोवर त्यांच्यासाठी गप्प, गेल्यावर ऐकणारं कोण? बाकीच्यांना काय सांगू, हळूच टाकलेला ड्रॉप फटका म्हणजे काय इथपासून?" तिने घड्याळ डोळ्याजवळ नेलं. "तुला कामावर जायचंय?"

"जायचं होतं."

"मग चल माझ्याबरोबर. आज नवा डोळा बसवायचाय. दर काही वर्षांनी बदलावा लागतो, खोबण आत जाते ना. रंग जुळतो की नाही ते मला आरशात नीट कळत नाही, एका डोळ्याने दोघांचा निवाडा कसा करायचा? कुणीतरी बघणारं लागतं. आधी बाबा यायचे."

माल्विनाने फुटपाथवरून ऑफिसात फोन केला. आज येत नाही म्हणाली. कारण विचारलं तर म्हणाली, घरचं काम आहे. दोघी निघाल्या, बोग्ना डावीकडे, माल्विना उजवीकडे. समोरून येणारा एक तरुण बोग्नाच्या डाव्या खांद्यावर आदळला आणि "दिसत नाही का?" म्हणून गेला. थोडं पुढे गेल्यावर माल्विनाने काही न बोलता बाजू बदलली आणि तिच्या डाव्या कोपराला धरलं. तसं केल्याने ती बोग्नाला दिसेनाशी झाली. बोग्ना बोलत राहिली, नाटकातल्या राजाच्या झग्याबद्दल, ज्याला दर प्रयोगाला शिवण द्यावी लागते कारण राजा वर्षभर पाँच्की खातो, आणि माल्विना उत्तरं देत राहिली, आवाजाने.

एका जुन्या घराच्या पहिल्या मजल्यावर खोली होती. पांढऱ्या झग्यातली एक चष्मेवाली बाई, त्सेलिनाबाई, खिडकीशी बसून बारीक कुंचल्यांनी बुबुळं रंगवायची. बशीत वेगवेगळे डोळे होते, छताकडे बघत पडलेले. त्यांनी बोग्नाला उजेडाकडे तोंड करून बसवलं, जुना डोळा काढला, खोबण पुसली. माल्विनाला वाटलं आपण दुसरीकडे बघावं. तिने बघितलं तिकडेच. रिकामी गुलाबी खोबण होती, गालाच्या आतल्या बाजूसारखी, भयंकर काही नव्हतं. मग नवा डोळा बसला. बोग्नाने पापण्या उघडझाप केल्या.

"काय सांगायचंय ते आता सांगा," त्सेलिनाबाई म्हणाल्या. "वरचा थर चढवला की मग फेरफार नाही. मागच्या वेळी वडील आले होते ना? फार गोड माणूस. बघितलं न बघितलं आणि म्हणाले, अगदी सारखे, अगदी सारखे. डोळ्यांत पाणी त्यांच्या."

"त्यांना सारखेच हवे होते," बोग्ना म्हणाली, आणि मान वर करून बसली. "बघ ग."

माल्विना तिच्यासमोर येऊन उभी राहिली. फेब्रुवारीचा मळका उजेड त्या चेहऱ्यावर सपाट पडला होता. किती वर्षं ती हिच्याबरोबर एका खोलीत होती, आणि हनुवटीवरचा हा व्रण नवा की जुना तेही तिला सांगता आलं नसतं. गालावर बारीक वांग होते. ओठाच्या कडेला अजून साखर होती. खरा डोळा तिच्याकडे बघत होता आणि वाट बघत होता, आणि त्यात विनवणी अशी काही नव्हती. सारखे आहेत म्हणणं फार सोपं होतं. छान झालाय, कुणाला कळणार नाही, चल. ते म्हणण्याचा तिला हक्क होता की तेवढं म्हणणंच तिचं देणं होतं, हे तिला ठरवता येईना. ती खाली वाकली. आणखी जवळ गेली. बोग्नाचा श्वास तिच्या तोंडावर आला.

"नाही," माल्विना म्हणाली. "नाही जुळत. खऱ्यात हिरवट झाक आहे. बाहुलीच्या भोवती, खालच्या बाजूला जास्त. आणि एक तपकिरी ठिपका आहे, तांदळाच्या कणीएवढा. ह्यात तो नाहीच."

"ठिपका?" त्सेलिनाबाईंनी चष्मा वर केला, बोग्नाची हनुवटी धरली, बराच वेळ बघितलं. "आहे खरा."

"मला ठिपका आहे?" बोग्ना म्हणाली.

"आहे."

"कधीपासून?"

"मला काय माहीत? आज पहिल्यांदा बघतेय तुला."

बोग्नाने बोटाने नवा डोळा अलगद काढला आणि त्सेलिनाबाईंच्या तळहातावर ठेवला.

"परत करा," ती म्हणाली. "ठिपका घाला. हिला पटेपर्यंत आम्ही बसतो इथे."

त्सेलिनाबाईंनी सुस्कारा टाकला आणि हिरव्या रंगाची बाटली शोधायला लागल्या. माल्विनाने स्टूल ओढलं आणि बोग्नाच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ, ती बसली.